एकोणीस ग्रॅमची खुंटी

१८ जुलै

१. बाबांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं.
२. डॉक्टर म्हणाल्या, यंदाच्या हंगामात बंदूक खांद्याला लावायची नाही.
३. बदकांच्या शिकारीला दडून बसायच्या, दलदलीतल्या आमच्या लपणात चार जागा आहेत. डावीकडची जागा एकतीस वर्षं बाबांची; बाकीच्या युलीस काका, क्लोव्हिस आणि त्याचा मेहुणा यांच्या.
४. लपण युलीस काकांच्या नावावर आहे. काकांनी विचारलं, "यंदा जागा तुझ्या पोरीला देऊ, का क्लोव्हिसच्या शेजाऱ्याला?"
५. बाबा म्हणाले, "ओडिलला."
६. मी तिथेच उभी होते.

मला विशेष काही वाटलं नाही. बाबांनी त्यांची जुनी पंप बंदूक देऊ केली. वजन ३,८५० ग्रॅम. नम्रपणे नकार दिला. गेल्या वर्षी तीच घेऊन मी चौदा बार काढले होते आणि बदकं शून्य. कारण उघड आहे: वजन.

२५ जुलै

तक्ता तयार. अकरा बंदुका, नऊ रकाने. हलकी, कॅमोफ्लाज रंगाची, सेमी-ऑटोमॅटिक. पंप बंदुकीत दर बारानंतर हात मागे-पुढे करावा लागतो, तिथे माझे ०.४ सेकंद जातात. बाबा म्हणाले, "त्या वेळात मी नेम धरतो." जुन्या माणसांना आकडे दाखवून उपयोग नसतो.

६ ऑगस्ट

रंगाचा निर्णय. कंपन्यांच्या नमुना-पट्ट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी आणल्या आणि गेल्या वर्षी लपणातून घेतलेल्या फोटोंशी ताडून पाहिल्या. वाळक्या बोरूचा पिंगट रंग तंतोतंत जुळला. रिफायनरीत मी मोजमापाची उपकरणं तपासते. रंग डोळ्यांनी ठरवणाऱ्यांतली मी नाही.

१९ ऑगस्ट

बंदूक आली. कंपनीचा दावा २,७२० ग्रॅम. माझ्या काट्यावर २,७४१. तीन वेळा मोजली. एकवीस ग्रॅमची उघड फसवणूक.

२० ऑगस्ट

एकवीसपैकी एकोणीस ग्रॅम सापडले. मॅगझीनमधली खुंटी. प्लास्टिकची काडी, तिच्यामुळे बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावतात, आणि बदकांसाठी कायदा तेवढीच भरू देतो. खुंटी काढून वजन केलं: २,७२२. म्हणजे कंपनी खुंटीशिवाय वजन करते. त्यांना तसं कळवलं. खुंटी पाकिटात घातली, पाकिटावर लिहिलं "परत बसवणे", ड्रॉवरमध्ये ठेवली. पद्धतशीर काम केलं की विसरण्याचा प्रश्नच येत नाही.

३१ ऑगस्ट

सराव. हवेत उडवलेल्या पंचवीस मातीच्या तबकड्या. मी: चार. बाबा डाव्या खांद्यावरून, जुन्या बंदुकीने: एकोणीस. डॉक्टरांना सांगेन म्हटलं. म्हणाले, "डॉक्टरीण उजव्याबद्दल बोलली."
मग म्हणाले, "हलकी बंदूक चालत न्यायला बरी. जड बंदूक एकदा फिरली की फिरत राहते. तू थांबतेस, तुझी बंदूक थांबते. पक्षी थांबत नाही."
वारा आडवा होता. पुन्हा सराव अनावश्यक.

८ सप्टेंबर

काकांकडे जेवण. काकांनी आपला नियम पुन्हा ऐकवला: शिकारीचे नियम बघणाऱ्या वॉर्डनने दंडाची पावती फाडली की त्या माणसाची जागा वर्षभर गेली. काका स्वतः एक वर्ष असेच घरी बसले होते. "आणि तुझ्या नावावर जागा गेली, तर ती तुझ्या बापाचीही गेली, पोरी. जागा एकच आहे." माझ्याकडे बघून हे सांगायचं कारण समजलं नाही. सगळ्यांत नियमावली फक्त मीच वाचलेली आहे. क्लोव्हिसची तर मागच्या वर्षी उघडलीसुद्धा नव्हती.

घरी आल्यावर बाबा गॅरेजमध्ये बदकांना बोलावायची शिट्टी वाजवत बसले. शिट्टीला खांदा लागत नाही, म्हणतात. तासभर.

१४ सप्टेंबर, दुपार

सप्टेंबरच्या छोट्या हंगामाचा पहिला दिवस. क्रमाने लिहिते.

बाबा धक्क्यापर्यंत आले, थर्मास दिला, तिथेच थांबले. लपणात काका, क्लोव्हिस, त्याचा मेहुणा आणि मी. दलदल हिरवीगार. माझी बंदूक नोव्हेंबरच्या रंगाची. क्लोव्हिस म्हणाला, "ओडिल, तुझी बंदूक लपलीये ना? मग मला राज्याच्या हद्दीपासून कशी काय दिसतेय?" क्लोव्हिसला रंगशास्त्र येत नाही. महिन्याचा रकाना तक्त्यात नव्हता, हे मान्य.

काडतुसं अंधारात भरली. बंदूक अडली तिथे थांबले. मोजली नाहीत, मोजणं हे खुंटीचं काम.

सूर्य वर आला आणि सहा बदकं डावीकडून, म्हणजे बरोबर माझ्या बाजूने आली. पहिला बार बदकांच्या मागे. दुसरा मागे. एक रिकामं काडतूस काकांच्या कॉफीत पडलं. तिसरा मागे. चौथ्याला बदक पडलं.

माझं आयुष्यातलं पहिलं बदक.

काकांचा कुत्रा पाण्यात उतरलाच नाही. क्लोव्हिसचा मेहुणा म्हणाला, "पुन्हा सांग, किती झाले?" काका म्हणाले, "तू गप बस." मग कपातलं काडतूस काढत मला म्हणाले, "नेम चांगला होता पोरी. मोजणी वाईट होती."

इथली माणसं बार कानाने मोजतात. दोन लपणं पलीकडे वॉर्डन ट्राहान बाई होत्या. सात मिनिटांत त्यांची होडी आली. "गुड मॉर्निंग, युलीस. मी चार ऐकले. माझे कान म्हातारे झाले असं सांग, मी आनंदाने परत जाते." काकांनी टोपी काढली. बाईंनी माझ्या बंदुकीतून आणखी एक काडतूस काढलं. पाच. मी पाकिटाबद्दल आणि त्यावरच्या अक्षरांबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "अक्षर सुरेख असेल, बाई. सही इथे करा." बदकही त्याच घेऊन गेल्या.

धक्क्यावर बाबांनी नुसती चार बोटं वर केली.

१५ सप्टेंबर

विश्लेषण. चार बार, एक बदक: पंचवीस टक्के. गेल्या वर्षीपेक्षा अमर्याद सुधारणा. पावतीचं कारण कंपनीचं चुकीचं माहितीपत्रक. वजन खरं छापलं असतं, तर मी खुंटीला हात लावला नसता.

२९ सप्टेंबर

काकांनी जागा क्लोव्हिसच्या शेजाऱ्याला दिली. नोव्हेंबरच्या मोठ्या हंगामासाठीही. नियम नियमासारखा लावला, हरकत नाही.

११ ऑक्टोबर

गॅरेज गेले बारा दिवस शांत आहे. बरंच झालं, डोकं दुखायचं. आज रात्रीच्या जेवणानंतर माझं वाचनात लक्ष लागलं नाही. एसीचा आवाज.

२० ऑक्टोबर

बाबांची शिट्टी स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात सापडली. गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. संध्याकाळी पुन्हा चमच्यांत.

२८ ऑक्टोबर

काकांना पत्र. फोनवर ते हसतात. चार मसुदे झाले; पहिल्या तिनांत कंपनीचा उल्लेख होता. पाठवला तो असा:

युलीस काका,

चौथा बार माझा होता. खुंटी मी काढली आणि परत बसवली नाही. बाबांना ते माहीत नव्हतं.

जागा मी मागत नाही. बाबांना पाचवं स्टूल टाकून बसू द्या. ते बंदूक आणणार नाहीत, फक्त शिट्टी वाजवतील. तुमच्यापैकी कोणालाही त्यांच्यासारखी वाजवता येत नाही, हे तुम्हीच गेल्या नाताळात म्हणाला होतात. होडी मी चालवीन, नाश्ता मी करीन आणि धक्क्यावर थांबेन.

खुंटी बसवली आहे. वजन २,७४१.

शुक्रवार, १ नोव्हेंबरपर्यंत कळवा.

ओडिल