रिकाम्या गाडीची दोरी

आप्पा, माझ्या नातीने, म्हणजे तुमच्या पणतीने, गाडी घेतली. चार चाकांचीच आहे, पण रस्त्यावर नाही, गवतावर चालते. वर बसायचं, स्टेअरिंग धरायचं, की पोटाखालचं पातं गवत कापत जातं. हसू नका. पोरगी शेतकी कॉलेजात शिकली आणि आता खराडीला काचेच्या कंपन्यांच्या बागा बघायचं काम धरलंय तिने. तुमच्या वेळी तिकडे नुसती ज्वारी होती. आता तिथे माणसं दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतात आणि खिडकीतून बघायला त्यांना हिरवळ लागते, तीही एका उंचीची. असो. तर एका मोठ्या कंपनीने तिला सांगितलं, सोमवारी सकाळी येऊन कापून दाखवा, नीट झालं तर वर्षभराचं काम तुमचं. ह्या कामाच्या भरवशावर पोरीने हातातली नोकरी सोडून दिलेली. नवी गाडी झेपणारी नव्हती, म्हणून कुणाच्या तरी फार्महाऊसवरची जुनी आणली, आणि ती मेली सारखी डावीकडे ओढायची. आणि कंपनीच्या हिरवळीला डाव्या हाताला गुलाबांचा लांबच लांब ताटवा, तिथल्या साहेबांचा लाडका. पातं त्यात शिरलं की संपलंच सगळं.

रविवारी सकाळपासून आमच्या दारात हाच कार्यक्रम. गल्लीतला वेल्डर आलेला. गाडीचा सांगाडा कधीतरी कुठेतरी आपटून वाकलेला, तो त्याने जॅक लावून सरळ केला. मग चाकं एका रेघेत आहेत का ते बघायला मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणली. पुढच्या दोन चाकांना जोडणारा दांडा असतो, तो पिळून पिळून चाकं दोरीला लावली. दोरी कशी अगदी चिकटून. पोरगी समोरच्या मैदानात फेरी मारायला गेली, आणि गाडी पुन्हा डावीकडे! परत आणली, परत दोरी, परत मैदान, परत तेच. ऊन चढलं. माझा स्वयंपाक राहिला, कुणाला भूक नव्हती.

"काका, दोरी तर बरोबर आहे!" ती रडवेली झाली.

"मला काय सांगताय? गाडीला सांगा," वेल्डर म्हणाला. पुण्याचाच माणूस.

मी आपली उन्हात उभी. पोरगी वैतागून म्हणाली, "आजी, पाय दुखतील तुझे. बस तरी त्या गाडीवर, दुसऱ्या कशाच्या उपयोगाची नाहीये ती." मी बसले. तुम्ही गेलात तेव्हा मी काडी होते, आता तसं राहिलेलं नाही. बसले मात्र, आणि खाली वाकलेला वेल्डर ओरडला, "अहो आजी, हलू नका!" डाव्या चाकाची पुढची कड दोरीला रेटायला लागली होती आणि मागची बोटभर सुटली होती. चाकाने चक्क तोंड फिरवलेलं. पोरगी पोटावर पालथी पडून बघतेय, मी श्वास रोखून वर. सांगाड्याच्या एका जुन्या जोडाला चीर होती. गाडी रिकामी असली की मिटलेली, माणूस बसलं की उघडणारी. आम्ही आपले दिवसभर रिकामी गाडीच मोजत बसलो होतो.

आणि एकदम मला भवानी पेठ दिसली हो. भुसाराच्या दुकानांपुढे हमालाची हातगाडी तुमच्याकडे दुरुस्तीला उभी आहे, तुमच्या दातांत दोरीचं टोक आहे, आणि तुम्ही मला उचलून ज्वारीच्या पोत्यांवर बसवताय. मी विचारतेय, गाडी रिकामी करून मोजा ना, सोपं पडेल. तुम्ही दोरी दातांतच ठेवून खेकसताय, "हमाल रिकामी गाडी ओढतो का गं? गप बस." मी रुसले होते. तुम्ही मग भुईमुगाच्या शेंगा आणून दिल्यात ओंजळभर. बाजार आता तिथे नाही, मार्केट यार्डात गेला.

मग काय, चीर घासून साफ केली, वरून लोखंडाची पट्टी मारली, वेल्डिंग गार झाल्यावर मला पुन्हा वर चढवलं आणि दोरी लावली ती माझ्या वजनासकट. चहासुद्धा वरच प्यायले. "आजी, घाबरू नका, बिल तुमच्या वजनावर लावणार नाही," वेल्डर म्हणाला. पण मैदानात फेरी मारायला उजेड उरला नव्हता. म्हणजे खरी परीक्षा एकदम खराडीलाच.

सोमवारी मला बरोबर नेलं. साहेब हाताची घडी घालून ताटव्यापाशीच उभे. पोरीने पातं खाली सोडलं, ओठ असे घट्ट मिटलेले, अगदी तुमचेच. गाडी निघाली. गुलाबांच्या कडेकडेने जायचं होतं. मग इंजिन थांबलं आणि साहेब म्हणाले, "उद्यापासून या."

मला किती आनंद झाला सांगू! येईल त्याला सांगतेय, गाडी कशी सरळ रेघेत गेली ते मी ह्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून. हे पत्र काही कुठे टाकायचं नाही, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही. गाडी ताटव्याजवळ आली तसे मी डोळे गच्च मिटले, ते इंजिन बंद होईपर्यंत उघडलेच नाहीत.