एका सौद्याला दोन हात

४ जून

चि. छोटीस मामाचे अ. उ. आ.

तू आणि दादाने वायदेबाजारात सौदे करायची खोली थाटल्यापासून तुझी आई म्हणते, दोघं पडद्याला डोळे चिकटवून बसता आणि जेवायला हाक मारली तर चोरासारखे दचकता. भाव चढणार म्हणून घ्यायचं, पाच मिनिटांत विकून शिवाय भाव पडण्यावर डाव लावायचा! याला आमच्या संस्कृतात चांचल्य म्हणतात. तुमच्यात म्हणे कौशल्य. सौदा चालू असताना खोलीत बोलायचं नाही, हा तुमचा नियम मात्र आवडला. माझ्या वर्गात लावून पाहिला. पहिल्या तासालाच मोडला.

अट विसरू नका. तुम्हाला दिलेल्या माझ्या बचतीतले अर्धे पैसे गेले की खोलीला कुलूप, आणि दादा पुन्हा वडिलांच्या कचेरीत, त्यांच्या नजरेसमोरच्या खुर्चीत. मीही तुमच्याच भरवशावर या महिन्यात शाळेचा राजीनामा देतो आहे. लोभ माझ्यावर असू द्या, बाजाराचा नको.

तुझा मामा

१२ जून

ती. मामांस छोटीचा शि. सा. न. वि. वि.

अर्ध्याहून जास्त गेले. आधी तेच लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायचा नाही.

सोमवारी भाव चढणार म्हणून आम्ही घेऊन बसलो होतो. साडेदहाला भाव अडखळला आणि घसरू लागला. पडद्यावर ‘उलट’ असं बटण असतं. दाबलं की हातातलं विकून वर तितकंच आणखी विकलं जातं. मग भाव पडेल तसा आपला फायदा. पुन्हा दाबलं की सगळं परत फिरतं. दाबायचं काम दादाचं. त्याला उशीर होतोय असं वाटून मीच दाबलं. दुसऱ्याच क्षणी त्याच्या पडद्यावर त्यानेही दाबलं. खातं एकच. होतो तिथेच परत आलो, आणि दोघांनाही वाटलं, वळलो.

मग भाव दगडासारखा कोसळला. मी मनात म्हटलं, वाचलो. आमचा आकडा लाल होत होता, पण पडद्यावरचे आकडे याआधीही उशिरा बदलले होते. दादाकडे पाहिलं, तर तो चक्क हसत होता. नियम म्हणून कोणी तोंड उघडलं नाही. सहा मिनिटं, मामा! त्याचं हसू मावळलं तेव्हा मी ओरडूनच विचारलं, तूही दाबलंस का. त्याने मान डोलावली. मीच सगळं विकून टाकलं.

तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. चूक माझी एकटीची. त्याला त्या खुर्चीत बसवू नका, आणि मी लिहिल्याचं त्याला कळू देऊ नका.

तुमची छोटी

१७ जून

चि. छोटीस अ. उ. आ.

अट ती अट. कुलूप लावा. मी राजीनामा सकाळी दिला, तुझं पत्र दुपारी आलं, शाळा सुटायच्या आत तो मागे घेतला. मुख्याध्यापक म्हणाले, इतक्या वेगाने वळणारा माणूस पाहिला नाही. मी म्हटलं, आमच्या रक्तातच आहे. फक्त मी एकटाच दाबतो.

त्याच टपालाने दादाचंही पत्र आलं. तो लिहितो, छोटीने वेळेवर वळवलं होतं, तिच्या हाताकडे न पाहता मीच घोळ घातला, चूक माझ्या एकट्याची, तिला बोलू नका, आणि हे तिला सांगू नका. म्हणजे पुन्हा दोघांनी एकाच वेळी तेच बटण दाबलंत!

दोघांनीही मला गप्प राहायला सांगितलंय. गप्प राहून काय होतं ते सोमवारी पाहिलंत. म्हणून त्याचं पत्र या पाकिटात घातलंय, आणि तुझं त्याच्या. एका टेबलाशी बसून वाचा, मोठ्याने. माझ्यावरचा लोभ या खेपेला एकमेकांत वाटून घेतलात तरी चालेल.

तुझा मामा