दवात ठेवलेलं दूध

१० डिसें. १९८२, शुक्रवार

नाना इथे आखातात आमच्याकडे आले. सासरे माझे, पण एअरपोर्टवर पाहिलं आणि चरकलो. सासूबाई, म्हणजे माई, जाऊन चार महिने झाले, तेवढ्यात माणूस निम्मा झालाय. कोट खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर. उषा घरी पोचेपर्यंत हसत होती, मग स्वैपाकघरात जाऊन रडली.

व्हिजिट व्हिसा २० जाने.पर्यंत. तिचं एकच म्हणणं: तोवर नाना नीट जेवायला लागले पाहिजेत, आणि मुदतवाढ घेऊन इथेच राहिले पाहिजेत. काशीत एकट्या माणसाला कुणाच्या भरवशावर सोडायचं?

सामानात दोन धोतरं, पंचांग, आणि नव्या गुळाची भलीमोठी ढेप. स्वतः खात नाही, लेकीसाठी ओझं वाहतो.

१३ डिसें.

अर्धी पोळी. दोन घास भात. "पोट भरलं हो." कशानं भरलं ते विचारायची सोय नाही.

नाना आहेत तोवर घरात मासे मफी, इथल्या अरबीत 'नाहीत'. मी कोकणातला, अधूनमधून फ्रीजर उघडून सुरमईचं नुसतं दर्शन घेतो. मुंबईत लग्नाच्या बैठकीत नानांनी विचारलं होतं, "मासे खाता?" मी भीतभीत हो म्हटलं. म्हणाले, "खरं बोललात. पुढचं बोलू." त्या दिवसापासून मी या माणसाचा चाहता.

१७ डिसें. शुक्र.

नाना बोलले! आमची लेक मिनी नेहमीप्रमाणे इंग्रजीत: "नाना, डू यू हॅव विंटर इन काशी?"

झालं. अर्धा तास. धुकं असं की समोरच्या घराचं दार दिसत नाही. बोरसीत निखारे, त्याभोवती सगळे पाय शेकत. तुपात परतलेले पोहे नि मटार, तो चूडा-मटर. वाटलेल्या मटारचं निमोना. रजईत बसून तिळाचे लाडू, आणि कुणी रजई ओढली म्हणून मारामारी. मी देशात मुंबईपलीकडे उत्तरेला कधी गेलो नाही, पण ऐकता ऐकता स्वेटर घालावासा वाटला. सांगावं तर असं.

मग मलइयो. तापवलेलं दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवायचं, पहाटे रवीनं घुसळायचं, वर येतो तो केशरी फेस. थंडीतच मिळतो, ऊन चढलं की विरतो.

उषा म्हणाली, "नाना रोज पहाटे लोटा घेऊन गल्लीत जायचे. थंडी संपेपर्यंत एक दिवस खाडा नाही! जीव होता त्यांचा मलइयोवर. आम्हां मुलांना बोटभर चाटायला, बाकी लोटा आत जायचा."

नाना खिडकीबाहेर बघत राहिले.

उषाचा चेहरा मी ओळखतो. आता घरात मलइयो होणार.

२० डिसें.

झाला नाही. काशीच्या घरात कुणी तो कधी केलेलाच नाही, विकतच आणायचे. मी म्हटलं, थंडी हे आपलं खातं, रेफ्रिजरेशनमध्ये बारा वर्षं काढलीत. दूध कंपनीच्या कोल्ड स्टोअरमध्ये ठेवलं. सकाळी बघतो तर वीट. उषानं ती पातेल्यात ठेवली, ठण्ण आवाज झाला. नाना पहिल्यांदा हसले.

"श्रीधरराव, थंडी नको त्याला. ओस हवी, ओस."

२३ डिसें.

सकाळी नाना माझ्याबरोबर खाली उतरले. गाडीच्या काचेवर दव इतकं की ओघळ लागलेले. नानांनी बोट फिरवलं, निरखलं. "तुमच्याकडे ओस आहे की!"

झिंजच्या या वस्तीत इतकी वर्षं राहतोय, रोज त्या दवाला शिव्या घालत काच पुसतो. कुणाला त्यातून काही करता येईल असं वाटलंही नव्हतं.

२६ डिसें.

दुसरा प्रयत्न, गच्चीवर अँटिनांच्या मधे. पावडरचं दूध. समुद्राकडून वारा सुटला, फडकं उडालं. सकाळी दुधात वाळू, फेसाचं नाव नाही. उषा रडकुंडीला. नानांनी तेही चमचाभर तोंडात घातलं. "मलइयोचा वास आला हो थोडा." वास कुठला येतोय! कचकच मला इथं ऐकू आली.

२८ डिसें.

आमचा फोरमन युसूफ याला सगळं सांगितलं. मोडक्या हिंदीत म्हणाला, "बूढ़ा आदमी खाता नहीं, ये अच्छा नहीं." त्याच्या भावाकडे गाय आहे. उद्यापासून ताजं दूध. पैशांचं विचारलं तर हात झटकून "खलास!"

३० डिसें.

जमला!

उषा पहाटे शाल गुंडाळून गच्चीवर. रवी माझ्या आईची, ताकाची. तासभर घुसळलं. फेस ढगासारखा वर, त्यात केशर. चमच्यात घेतला तर वजनच नाही, जिभेवर ठेवला तर नाहीसा, मागे फक्त गोडी. मी इतकं सुंदर काही खाल्लेलं नाही. उषाला तसं सांगितलंसुद्धा, एरवी सांगत नाही.

मिनी: "इज इट शेव्हिंग फोम?" तीन वाट्या खाल्ल्या तिनं.

नानांनी वाटी संपवली. चाटूनपुसून. उषा त्यांच्याकडे बघतच राहिली.

५ जाने. १९८३

रोज पहाटे गच्ची. रोज नानांची वाटी रिकामी. जेवण मात्र तेवढंच. उषा म्हणते, वाढेल हळूहळू. मुदतवाढीचा अर्ज आणलाय, सही नानांची हवी. "बघू," म्हणतात.

सूकमध्ये, इथल्या बाजारात, मटार आलेत. नाना बाल्कनीत उन्हात सोलत बसतात. आज गंमत बघितली: ढीगभर टरफलं आणि वाडग्यात मूठभर दाणे. उषा ताटाकडे लक्ष ठेवते, टरफलांकडे कुणी बघत नाही. उद्या जास्त आणीन.

१४ जाने. शुक्र. संक्रांत

आज उषा तिळाच्या वड्यांत, म्हणून पातेलं आणायला मी आणि नाना गच्चीवर. ऊन नुकतं आलेलं. नाना कठड्याला टेकले.

"एक सांगतो. पोरीला सांगू नका."

मला वाटलं परत जायचं म्हणतात.

"मला मलइयो मुळीच आवडत नाही. हवा खाल्ल्यासारखं लागतं."

मी पातेलं खाली ठेवलं.

"तिला आवडायचा. माईला. नवी लग्न होऊन आली तेव्हा गल्लीतून आवाज आला की हातातलं काम थांबायचं तिचं. पण एकत्र घर, आमच्या मातोश्री कडक. नव्या सुनेनं मागायचं कसं, आणि मी बायकोसाठी आणायचं तरी कसं? मग मी म्हणायला लागलो, मलाच हवा. लोटाभर आणायचा, दोन चमचे खायचे, आणि म्हणायचं, 'मला नको झालं. टाकू नका, आत द्या.'"

"नंतर मातोश्री गेल्या असतील की..."

"गेल्या. पण सवय. आणि आता काय सांगायचं होतं? शेवटच्या थंडीपर्यंत तसंच."

"माईंना कळलं असेल?"

"बेचाळीस वर्षं माझं उष्टं म्हणून खाल्लंन्. कळल्याशिवाय?" हसले. डोळे पुसले, लपवले नाहीत.

"मग इथे रोज का खाता?"

"पोरगी अंधारात उठून जिने चढते हो. नको कसं म्हणू?"

खाली आलो. उषानं वाटी पुढे केली, नानांनी संपवली. मी तिळाची वडी घेतली, ती तशीच हातात राहिली. माझ्या बापानं आईसाठी काय केलं, मला माहीत नाही. मी उषासाठी असं एक दिवस तरी केलंय का, हेही आठवून बघितलं. बेचाळीस वर्षं राहू देत.

१५ जाने.

उषाला सांगावं का? ती समजते मलइयोमुळे नाना राहतील. सांगितलं तर तिचा आधार जाईल, नाही सांगितलं तर तो माणूस रोज हवा खात राहील. नानांनी नको म्हटलंय. सांगणार नाही. मटार दोन किलो आणले.

१८ जाने.

उषाला काल संध्याकाळपासून ताप. तशात दूध ठेवून आली, ऐकेल तर शपथ. सकाळी उठवेना. "आज नानांना काय देऊ," एवढाच धोशा लावून.

अंथरुणावर नाना नव्हते. गच्चीत गेलो तर मफलर बांधून, मांडी घालून रवी फिरवतायत. मी पुढे झालो तर मानेनंच नको म्हणाले. फेस थोडाच आला, विरत चाललेला. लोट्यात भरला. जिना एकेक पायरी उतरले.

उषाच्या उशाशी बसले. स्वतः दोन चमचे खाल्ले.

"मला नको झालं. टाकायचा कशाला, तू खा."

उषा उठून बसली. लोटा दोन्ही हातांनी धरून सगळा खाल्ला. अर्ध्यात थांबली, नानांकडे बघितलं, बराच वेळ. पुन्हा खायला लागली.

मी बाहेर आलो. मिनीनं विचारलं, "बाबा, व्हाय आर यू क्रायिंग?" सर्दी म्हटलं.

रात्री जेवताना नाना म्हणाले, "निमोना करता येतं का कुणाला? सांगतो मी, करा तुम्ही." केलं. दोनदा भात घेतला.

परवा वीस तारीख. अर्ज टेबलावर तसाच, सहीची जागा कोरी, वर मटारची टरफलं. ती मी उचलली नाहीत. दुधावर बांधायचं फडकं मात्र नानांनी धुऊन दोरीवर घातलंय, आणि मघाशी विचारत होते, युसूफ उद्या दूध किती आणणार.