फळा कोणी आणला?

दि. ३ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं तेच सुचत नव्हतं. जूनपासून दोन्ही मुलं घरीच शिकतात. तीस वर्षं वर्ग सांभाळणाऱ्या बहिणीला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

हौस तुझ्या भावजयीची. गुंडूचं रोज सकाळी पोट दुखायचं, डॉक्टरांना काही सापडेना. एकदा जेवताना ती म्हणाली, की त्यापेक्षा घरीच शिकवलेलं बरं. तिने आजवर माझ्याकडे काही म्हणून मागितलं नाही, तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी फळा आणला. आता सकाळी तिच्या शिवणाच्या टेबलावर वर्ग भरतो आणि दुपारी माझ्या चष्म्यांच्या दुकानात. गुंडू डोळे तपासायच्या तक्त्यावर वाचायला शिकला, तेही खालच्या बारीक ओळीपासून वर. ठकू काचांच्या नंबरांवरून अधिक-उणे शिकली आणि अकराव्या वर्षी माझ्याच चुका काढते. चुका होतातच. परवा शिकवण्याच्या नादात एका गिऱ्हाइकाला अधिकाऐवजी उण्याची काच बसवली. बिचारा दुकानाची पायरी चुकला.

हे बरोबर चाललंय की नाही, मला काही म्हणजे काही कळत नाही. शाळेने दोघांच्या जागा महिनाअखेरपर्यंत राखल्या आहेत, नंतर त्या जातील. पण हिचा विरस करायला मन धजत नाही. तू काय म्हणतेस? तिला मात्र अवाक्षर कळू देऊ नकोस.

लोभ आहेच. रागावलीस तरी तो आटू देऊ नकोस.

तुझा भाऊ


दि. ७ ऑगस्ट

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

यांना न सांगता लिहिते आहे, तेव्हा हे पत्र तुमच्याजवळच ठेवा.

मुलांना घरी शिकवायचं खूळ यांचं. मी आपली एके दिवशी दमून काहीतरी बोलले, आणि दुसऱ्या दिवशी हे फळा खांद्यावर घेऊन दारात! चेहरा असा फुलला होता, की म्हटलं, यांच्या मनात हे कधीपासूनचं असणार. आता त्यावर पाणी कसं ओतू? मापाच्या टेपवर मुलांना अपूर्णांक शिकवता शिकवता मी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. गिऱ्हाईक हसलं म्हणून निभावलं.

गुंडूचं पोट दुखायचं थांबलं, हे खरं. मग वाटतं, चांगलंच झालं. संध्याकाळी शाळेची मुलं रस्त्याने ओरडत जातात आणि वाटतं, आपण आपल्या मुलांचं काहीतरी हिरावून घेतलं. सकाळी एक वाटतं, संध्याकाळी दुसरं. ठकू तर हल्ली इतकी शहाण्यासारखी वागते की मला भीती वाटते. हट्ट नाही, भांडण नाही. तुम्ही यांना आपणहून सुचवल्यासारखं काही लिहाल का? माझं नाव नको.

आहे तशीच माया असू द्यावी.

तुमची भावजय


दि. १२ ऑगस्ट

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुमच्या घरून मला दोन पत्रं आली आणि दोन्हींनी माझ्या तोंडाला कुलूप घातलं. डोकं पार चक्रावलंय. आधी मला रागच आला होता, माझ्याच भाचरांना शाळा नको म्हणून. पण गेल्या आठवड्यात माझ्या वर्गात एक मुलगा पोट धरून बसला आणि मी त्याला नाटकं पुरे म्हणाले. त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. तेव्हापासून शाळा बरी की घर बरं, हे मलाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

तुला काय हवंय, हे कोणी विचारलं का गं? नसेल तर मी विचारते. शहाण्यासारखं नको, खरं लिही.

तुझी, वेणी ओढणारी आत्या


दि. १८ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न.

कोणीच विचारलं नव्हतं. मला शाळेत जायचंय. आई म्हणते बाबांची हौस, बाबा म्हणतात आईची, म्हणून मला वाटलं दोघांची असेल. शाळेची मधली सुट्टी होते तेव्हाच मी घरी डबा उघडून खाते. माझ्या बाकावर आता दुसरी मुलगी बसते, ती त्याच्यावर रेघा मारते म्हणे.

पण गुंडू शाळेत एक शब्द बोलायचा नाही आणि घरी दिवसभर तोंड मिटत नाही. मी गेले तर त्यालाही पाठवतील. म्हणून मी गप्प आहे. तू कोणाला सांगू नकोस. हे तिसरं कुलूप झालं ना?

उत्तर लवकर पाठव आणि मला विसरू नकोस.

तुझी ठकू


दि. २४ ऑगस्ट

घरातल्या लहानथोर चौघांस यथायोग्य न. आ.

तिघांनी मला गप्प राहायला सांगितलं आणि मी तिघांचाही विश्वास मोडते आहे. ठकू, तुझी तर मी पाया पडून माफी मागते. तिन्ही पत्रं याच पाकिटात आहेत. चौघं एका ठिकाणी बसा आणि मोठ्याने वाचा.

शिक्षिका म्हणून माझं मत विचाराल, तर माझ्याजवळ ते नाही. एवढंच कळतं, की दोन मुलांना एकच औषध द्यायला हवं असं कुठे लिहिलेलं नाही. गुंडूलाही विचारा. माझ्यावर खुशाल रागवा, पण एकतीस तारखेच्या आत निकाल लावा.

राग सरला की पूर्वीसारखंच आपलं म्हणा.

ताई


दि. २ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न.

हे पत्र मी एकट्याने लिहिलं. बाबांनी सगळी पत्रं वाचली. आई हसली आणि मग रडली. ठकूताई माजघरात जाऊन बसली, पण नंतर आली. बाबांनी विचारलं, मग फळा हवा होता कोणाला? मी म्हटलं, मला.

ठकूताई सोमवारपासून शाळेत जाते. मी घरी आहे. पुढच्या वर्षी पुन्हा विचारणार आहेत.

सोमवारी ती दप्तर घेऊन निघाली तेव्हा माझं पोट दुखलं. मी एकट्या आईला सांगितलं नाही, एकट्या बाबांना पण नाही. दोघांना एकदम सांगितलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पण या वेळी कोणी लगेच काही आणायला बाजारात गेलं नाही. काय करू या, असं मलाच विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. ते म्हणाले, त्यांना पण माहीत नाही. मग आम्ही तिघं खिडकीत उभे राहिलो, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.

तुझा गुंडू