उजवा खांदा, डावा हात आणि टोपी

१ ऑक्टोबर

आजपासून नियमितपणे रोजनिशी लिहिण्याचे ठरविले आहे. महत्त्वाचा निर्णय घेणाऱ्या सुशिक्षित माणसाने आपले विचार कागदावर क्रमाने मांडावेत, असे माझे मत आहे. निर्णय एकच: रस्त्यावर हँडलचा ऑर्गन वाजविण्याचा व्यवसाय चालू ठेवावा की सोडावा.

पार्श्वभूमी थोडक्यात. ऑगस्टमध्ये ओल्या फुटपाथवरून माझा पाय घसरला. पाठीवर ऑर्गन होता. पडता पडता मी ऑर्गन वाचविला. त्याच वेळी उजवा खांदाही वाचविणे शक्य झाले नाही. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी आज एमआरआय दाखवून सांगितले की आतला स्नायू कायमचा गेला आहे. मी जेवीन, सही करीन, पण ऑर्गनचे हँडल फिरविणे विसरावे. बाई वयाने फारच लहान आहेत. एमआरआयसुद्धा मला अस्पष्ट वाटला.

मी भाड्याने घेतलेल्या ऑर्गनच्या मालकीण डोन्या ब्रिहिदा यांना मृतांच्या दिवसापर्यंत, म्हणजे २ नोव्हेंबरपर्यंत, उत्तर हवे आहे. त्यांच्याकडे मागणाऱ्यांची रांग आहे म्हणतात. माझी पत्नी कासिल्दा गेल्या फेब्रुवारीत गेली. मृतांच्या दिवशी गेलेली माणसे घरी येतात, म्हणजे तिचा हा परत येण्याचा पहिलाच दिवस. त्या दिवशी तिच्या थडग्यापाशी तिचा आवडता वॉल्ट्झ मी वाजविणार आहे. तिचे स्वागत दुसऱ्या कोणाच्या हातून होणे मला मान्य नाही.

निर्णय: व्यवसाय चालू ठेवायचा.

३ ऑक्टोबर

उपाय सापडला. डावा हात. आश्चर्य वाटते ते याचे की डॉक्टरीणबाईंना तो सुचला नाही.

मेव्हणी चोना हिला योजना समजावून सांगितली. कासिल्दा गेल्यापासून पैशांसाठी टोपी फिरविण्याचे काम तीच करते. सकाळी मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले विकते, दुपारी माझ्याबरोबर येते. ती म्हणाली की डाव्या हाताला आधी सवय व्हायला हवी, तर तिच्याकडे मका दळायची हाताची चक्की आहे, तिच्यावर प्रॅक्टिस करावी. तिच्याकडून एवढ्या समजूतदारपणाची अपेक्षा नव्हती.

बादलीभर मका दळला. प्रगती उत्तम.

६ ऑक्टोबर

आणखी दोन बादल्या. चोना म्हणते, मनगट अजून ताठ आहे, उद्या तीन दळा. तिच्या तमाल्यांचा खप वाढल्याचे कानावर आले. योगायोग.

८ ऑक्टोबर

डाव्या हाताचे पहिले जाहीर वादन. स्थळ: चर्चबाहेर, लग्न लागून वऱ्हाड बाहेर पडताना.

डाव्या हाताचा एक स्वभाव असा की खाली येताना तो धावतो आणि वर जाताना विचार करतो. त्यामुळे चाल किंचित लंगडते. वधू पायऱ्या उतरताना एकदा धावली, एकदा थांबली, पुन्हा धावली. तिच्या आजोबांनी कठडा धरला. हे यंत्रवत वाजविण्यापेक्षा कितीतरी जिवंत होते. हँडल सारख्या वेगाने फिरविणे हे कारकुनाचे काम आहे. मी धट्टाकट्टा होतो तेव्हाही तसे कधी केले नाही. जिथे दुःख आहे तिथे मी हळू होत असे, जिथे अधिक दुःख आहे तिथे अधिक हळू. मी तत्त्वज्ञानाचा पदवीधर आहे, हे हँडलमधून जाणवलेच पाहिजे.

कासिल्दाला हे कळत असे. टोपी घेऊन ती एकेका श्रोत्याजवळ जाई, जिने चढून वरच्या मजल्यांवरही जाई आणि प्रत्येकाच्या कानाशी हळूच काहीतरी बोले. लोक लगेच खिशात हात घालीत. माझ्या वादनशैलीविषयी ती चार शब्द सांगत असावी. तिला मी कधी विचारले नाही. अशा गोष्टी विचारायच्या नसतात.

चोना कोणाशी काही बोलत नाही. टोपी नाकासमोर धरते आणि उभी राहते. उत्पन्न घटण्याचे कारण तेच.

१२ ऑक्टोबर, शनिवार

रोजनिशीत सोनेरी अक्षरांनी लिहावा असा दिवस. सोनेरी शाई नसल्यामुळे निळीने लिहितो.

चौकात शनिवारी वयस्क जोडपी दान्सोन नाचायला जमतात. आज त्यांचा बँड आलाच नाही. व्हॅन बंद पडली म्हणे. मी पुढे झालो. माझ्या ऑर्गनमध्ये भरलेल्या आठ गाण्यांत एक दान्सोन आहे. पांढरे बूट, हॅट्स, रेशमी पंखे, सगळी मंडळी सज्ज. सुरुवात केली.

डाव्या हाताने फिरवायचे तर एका पायावर उभा असलेला ऑर्गन उजव्या हाताने धरून ठेवावा लागतो, आणि धरणे हेही शेवटी खांद्याचेच काम. चालीच्या मध्यावर अशी कळ आली की मी थांबलो.

आणि काय आश्चर्य. सगळी जोडपी जागच्या जागी थांबली. हात हातात घेऊन वाद्याकडे वळली. स्त्रियांनी पंखे उघडले आणि वारा घेऊ लागल्या. पुरुषांनी हनुवट्या वर केल्या. कोणी हसले नाही, कोणी निघून गेले नाही. माझी कळ ओसरेपर्यंत अख्खा चौक आदराने उभा. पुन्हा सुरू केले, पुन्हा नाचले. पुन्हा थांबलो, पुन्हा पंखे.

या नाचात तसा विराम असतोच, हे मला ठाऊक आहे. परंतु एवढा मोठा विराम त्यांना आजवर कोणी दिला नव्हता.

चोना घरी येताना इतकी हसत होती की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. आनंद असा अनावर होतो.

१३ ऑक्टोबर

रात्रभर विचार केला. निष्कर्ष: दुखापत ही दुखापत नसून शैली आहे. संगीत कोणीही वाजवील. न वाजविणे ही विद्या. यापुढे विरामांवर लक्ष केंद्रित करायचे.

डोन्या ब्रिहिदांना निरोप पाठविला की ऑर्गन सोडण्याचा प्रश्नच उरत नाही. त्यांचा उलट निरोप आला: चौकात काय झालं ते ऐकलं, मृतांच्या दिवसापर्यंत थांबू. त्याही उत्सुक दिसतात.

१९ ऑक्टोबर, शनिवार

बँडची व्हॅन अजून नादुरुस्त. दैव अनुकूल.

आजचा मुख्य विराम मी हेतुपुरस्सर लांबविला. खांदा दुखत होताच, पण मी त्याच्या गरजेपेक्षा पुढे गेलो. मंडळी उभी राहिली. पंखे हलत राहिले. एक जोडपे तसेच हातात हात घेऊन आइसक्रीमच्या गाडीपर्यंत जाऊन परत आले आणि पुन्हा आपल्या जागी वाद्याकडे तोंड करून उभे राहिले. शिस्त म्हणजे काय ते या लोकांकडून शिकावे.

पांढऱ्या बुटांचे एक वृद्ध गृहस्थ शेवटी चोनाजवळ गेले आणि वाजवणारे जिवंत आहेत ना, असे त्यांनी विचारले. तिने सांगितले की काल तरी होते. तिच्या विनोदबुद्धीवर तिच्या थोरल्या बहिणीचे संस्कार झाले नाहीत, ही खेदाची बाब आहे.

२६ ऑक्टोबर, शनिवार

चौकात मंडळींनी वर्गणी काढून लाउडस्पीकर आणला आहे. मला पाहताच त्यांनी तो चालू केला. काही स्त्रियांनी माझ्याकडे पाहून पंखे मिटले.

नव्याला विरोध होतोच.

२७ ऑक्टोबर

निर्णय: व्यवसाय सोडायचा. समाजाची लायकी नाही. तत्त्वज्ञानाच्या शिकवण्या घ्यायच्या. खिडकीत पाटी लावली.

२८ ऑक्टोबर

पाटी वाचून एक बाई आल्या. त्यांना मुलासाठी गणिताची शिकवणी हवी होती. पाटी काढली.

निर्णय: चालू ठेवायचा.

३० ऑक्टोबर

चक्कीवर वॉल्ट्झची तालीम चालू आहे. एक दोन तीन, एक दोन तीन. चोना म्हणते की एवढ्या पिठाचे काय करावे ते आता तिलाही कळत नाही.

तालीम संपल्यावर ती हात पुशीत माझ्यापाशी बसली. सरळच विचारले, आणि ते शब्द मी जसेच्या तसे लिहून ठेवतो. "दाजी, नाही जमलं तर?" मी म्हणालो, जमेल. ती म्हणाली, "तसं नाही. नाही जमलं तर ताई काय तुम्हाला रागावणार आहे का?"

प्रश्न तर्कशुद्ध नव्हता.

सांगायचे राहिले: डाव्या हातालाही आता सूज आहे.

२ नोव्हेंबर

दफनभूमीत पाय ठेवायला जागा नव्हती. वाटेपासून थडग्यापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट काढली होती, म्हणजे तिला चुकायला नको. तिची दालचिनीची कॉफी ठेवली, पाव ठेवला, मिरच्यांचा मोले रस्सा ठेवला. आमच्या व्यवसायाचा खाकी गणवेश इस्त्री करून घातला होता. ऑर्गनचा पाय थडग्याशेजारी रोवला.

सुरुवात चांगली झाली. मला तरी तसे वाटले. पहिल्या वळणावर दुःख आहे. तिथे मी हळू झालो. दुसऱ्या वळणावर अधिक दुःख आहे. तिथे थांबलो.

हा विराम नव्हता. उजवा हात ऑर्गन धरीना आणि डावा हँडल सोडीना. शेजारच्या थडग्यांवरची कुटुंबे आमच्याकडे वळली. कोणाच्या हातात पंखे नव्हते. सगळे नुसते पाहत होते, आणि कॉफी निवत होती.

चोनाने टोपी माझ्या छातीशी दाबली. "धरा, दाजी." एवढेच. मग ती हँडलपाशी उभी राहिली आणि पहिल्यापासून सुरू केले. चक्की फिरवावी तसे फिरविले, सरळ, एका वेगाने, चेहऱ्यावर काही नाही. जन्मभर पीठ दळलेले हात.

वॉल्ट्झ सुरू झाला आणि संपला. तो इतका लहान आहे, हे मला ठाऊक नव्हते. शेवटचा भाग तर मी कित्येक वर्षांत ऐकलाच नव्हता. तिथवर पोचेपर्यंत लोक पांगलेले असत. फार गोड आहे.

शेजारच्या कुटुंबातली मुले नाचली.

३ नोव्हेंबर

डोन्या ब्रिहिदा आल्या. ऑर्गनचा भाडेकरार चोनाच्या नावे केला. मला विचारले, तुमचं काय? मी सांगितले की मी व्यवसाय सोडलेला नाही, फक्त कामाचे विभाजन नव्याने केले आहे: संगीताची कलात्मक जबाबदारी माझी, हँडल चोनाचे. त्या म्हणाल्या, "म्हणजे टोपी तुमच्याकडे." मी म्हणालो, तसे म्हणायचे असेल तर म्हणावे.

५ नोव्हेंबर

टोपी फिरविण्याचे शास्त्र मी अल्पावधीत आत्मसात करीन. काही सूत्रे तयार केली आहेत: नजर स्थिर, पाठ ताठ, गाण्याविषयी एक अभ्यासपूर्ण वाक्य. चार वाक्ये पाठ केली.

आज एकाही वाक्याच्या शेवटापर्यंत कोणी थांबले नाही.

८ नोव्हेंबर

आज जुन्या गल्लीत गेलो. अपघातानंतर प्रथमच. चोना खाली वाजवीत होती. कासिल्दा जिने चढत असे, म्हणून मीही चढलो. खालून हे जिने एवढे उभे दिसत नाहीत.

सर्वांत वरच्या मजल्यावरच्या वृद्ध बाईंनी दार उघडले. त्यांनी मला यापूर्वी फक्त बाल्कनीतून पाहिले असणार, म्हणजे माझ्या डोक्यावरची टोपी तेवढी. ओळखले नाही. मी अभ्यासपूर्ण वाक्य सुरू केले. त्यांनी मध्येच थांबविले. खालची बाई फार छान वाजवते म्हणाल्या. मग खाली डोकावून विचारले, आधीचे ते गेले वाटतं?

मी म्हणालो, निवृत्त झाले.

सुटले बिचारे, त्या म्हणाल्या, आणि आम्हीही. मग त्यांचा स्वर बदलला. "त्यांची बायको यायची हो वर. धापा टाकत. दारात उभी राहायची आणि म्हणायची, जरा सांभाळून घ्या हो, फार जीव लावून वाजवतात ते. दर वेळी तेच. तिच्या तोंडाकडे बघून द्यायचे मी. कशी आहे ती?"

बरी आहे, असे मी सांगितले. मृतांचा दिवस नुकताच झाला आहे; हे पूर्णतः असत्य नाही.

जिना उतरताना मधल्या मजल्यावर थोडा थांबलो. खांद्यासाठी. खाली वॉल्ट्झ संपत आला होता, तोच गोड भाग.

मग त्याच मजल्यावरचे एक दार वाजविले. एका गृहस्थांनी उघडले. मी टोपी पुढे केली. पाठ केलेल्या चार वाक्यांपैकी एकही आठवेना. तोंडून निघाले, "जरा सांभाळून घ्या हो."

त्यांनी कान देऊन खालचे वादन ऐकले. म्हणाले, "का? छान तर वाजवतायत त्या."

मी म्हणालो, "त्यांच्याबद्दल नाही."