माझी अठरा वर्षांची किडनी

आधीच माफी मागतो. शुद्धलेखन कच्चं आहे, आठवीतच शाळा सुटली. मोबाइलवर एका बोटानं टाइप करतोय, म्हणून वेळ लागतोय. बोलायची लाज वाटते, लिहिताना निदान कुणी समोर नसतं.

मी, फळांच्या गाडीवर फोडी कापणारा, वय अठरा पूर्ण, कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहितोय. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टर मॅडमनी लिहून दिलंय. मावशीचं मत वेगळं आहे.

१. डावी किडनी उद्या आईला देतोय. ती या मृत्युपत्रात धरू नये, जिवंतपणी दिलेली आहे. सगळ्या तपासण्यांत मी पास झालो, आयुष्यात पहिल्यांदा, तेही एका झटक्यात. मॅडम म्हणाल्या, "झकास किडनी आहे रे तुझी!" हे मी आईच्या अख्ख्या वॉर्डाला सांगितलं. म्हणजे आईला सांगितलं, तिनं वॉर्डाला.

२. अँटिऑक्सिडंट पावडरीचे उरलेले डबे मावशीला परत. वर्षभर ती आईच्या मागे, "ऑपरेशन कशाला? हे घे, वय थांबतं." मी कापलेल्या सफरचंदाला पावडर लावून बघितली. फोड संध्याकाळपर्यंत पांढरी! मावशी नाचायचीच बाकी होती. मलाही पटलं. मग मॅडमनी विचारलं, "आई म्हणजे सफरचंदाची फोड आहे का? जिवंत शरीर आपली झीज स्वतः भरून काढत असतं. पावडरीनं माणसाचं वय थांबल्याचं अजून कुणी दाखवलेलं नाही. आणि तिच्या किडन्यांना हा वर आणखी भार." मावशी, राग नाही. डब्यावरचं 'चिरतरुण' तेवढं खोडून टाक.

३. माझी सुरी गाडीच्या मालकांना. धार मात्र दुसऱ्याकडून लावून घ्यावी, मालक स्वतः लावायला गेले की बिघडवतात.

४. सायकल, मोबाइल, साठवलेलं सगळं आईचं.

५. हे मुख्य. आई, काल तू म्हणालीस, "तुला काही झालं तर मी औषधं फेकून देईन." नाही फेकायची. मी टेबलावरून उठलो नाही तरी गोळ्या वेळेवर घ्यायच्या. तुझ्या पोटात माझं अठरा वर्षांचं काहीतरी असेल. त्याला म्हातारं करून दाखव.

साक्षीदार:
मालक (मोबाइलवरच बोटानं सही केली, कलम तीन वाचून तोंड वाकडं केलं)
मावशी (सही केली, खाली "कलम दोन मान्य नाही" असं लिहिलं)

ठिकाण: पुरुषांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट
तारीख: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी

ता.क. आत्ताच फोन आला, आमच्या गल्लीतल्या पोस्टमनचं लग्न ठरलं! आई, बरे झालो की दोघं मिळून जेवायला जाऊ.