पोकळ हाताचे प्रयोग

सोमवार, ३ मार्च
आजपासून रोज लिहिणार. मोठ्या माणसांच्या सुरुवातीच्या दिवसांची नोंद नसते, मग नंतर सगळ्यांची पंचाईत होते.
साहेब म्हणाले, खुर्चीचा पोकळ हात शुक्रवारी गिऱ्हाइकाला पसंत पडला तर विभागप्रमुख मी. नाहीतर तपासणीवाल्या बाई. म्हणजे मीच होणार.
काम सोपं. दोन रसायनं एकत्र करून साच्यात सोडायची, कडेने घट्ट होऊ लागली की मधोमध गॅस सोडायचा. बाहेर कडक, आत पोकळ. बाई म्हणाल्या, टायमर लावा. टायमर नवशिक्यांना. मी साच्याला कान लावून ओळखतो.

मंगळवार, ४ मार्च
गॅस जरा लवकर सुटला. रसायन छतावर. छत फार खाली बांधलंय, साहेबांना तसं कळवलं.

बुधवार, ५ मार्च
आज धीर धरला. जरा जास्तच. सगळं घट्ट झाल्यावर गॅस आत शिरेना. हात भरीव निघाला, पाट्यासारखा जड. दोष रसायनाचा. फार घाई करतं.
कौतुकाने घरी नेला. बायकोने वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला टेकू म्हणून लावला.

गुरुवार, ६ मार्च
सकाळी साच्याला मेण लावायचं राहिलं. हात आतच चिकटला. बाईंनी छिन्नीने काढला, मी देखरेख केली.
संकल्प: चहा बंद, चिडणं बंद.
दुपारी मात्र कमाल! चकचकीत, पिसासारखा हलका. बाई म्हणाल्या, कापून बघू, भिंत किती जाड ते तरी कळेल. देखणी वस्तू कापायची? जळतात, दुसरं काय. चहा घेतला.

शुक्रवार, ७ मार्च
गिऱ्हाईक आलं. अंगाने भरलेले गृहस्थ. हात बघून खूश. खुर्चीत बसले, कोपर टेकवलं. कोपर आत गेलं. बाहेर येईना.
"आत काहीच नाही की हो," ते म्हणाले.
मी म्हटलं, तीच तर खासियत.
साहेब हसले नाहीत. बाईंनी कात्री आणली. शेवटी हात कापलाच. भिंत पापुद्र्याएवढी.

शनिवार, ८ मार्च
बाई विभागप्रमुख. टायमर लावून सकाळपासून हात काढतायत, सगळे एकसारखे. एकसारखं काय, कोणीही काढेल. मला पॅकिंगला पाठवलं. खोक्यांना कान लावायची गरज नसते, असं साहेब म्हणाले.
संध्याकाळी वारा सुटला. घरचं दार जागचं हललं नाही.
"हे एक मात्र छान जमलं हं तुम्हाला," बायको म्हणाली.
तो हात पोकळ करायचा होता, हे तिला सांगितलं नाही.